अकरा वर्षांच्या मुलीचे कपडे: फ्रॉकात मावत नाही, कुर्तीत बुडते. जळगाव-धुळे-नंदुरबारकर, तुम्ही कुठून घेता?

मेहरूणची_बोरं
नमस्कार मंडळी. रविवारी लेकीला घेऊन फुले मार्केटात साडेतीन तास फिरले आणि एक रुमाल घेऊन घरी आले. रुमालही माझ्यासाठीच, घाम पुसायला.

लेक सहावीत, अकरा पूर्ण. उंची 146 सेंटिमीटर, अंगाने काडी. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, चाळीसगावला माझ्या भावाचं लग्न आहे, त्यासाठी एक चांगला ड्रेस हवा होता आणि उन्हाळ्यात घरी-बाहेर घालायला दोन-तीन सुती कपडे. मागणी एवढीच.

पहिल्या दुकानात 30 नंबरपर्यंत फ्रॉक. छातीवर हाताएवढा बो, खाली जाळी, जाळीत अडकवलेली फुलपाखरं. लेक माझ्या कानात म्हणाली, "आई, मी केक आहे का?" दुसऱ्या दुकानात पोऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हिला आता लेडीजमधलं एक्सएस दाखवतो." एक्सएसची कुर्ती घातली तर खांदे दंडावर आणि गळा असा की पुढून दोन पिना लावाव्या लागल्या. तिसऱ्या दुकानात माल सगळा पॉलिस्टर, वर अस्तरही पॉलिस्टरचं. जळगावच्या मे महिन्यात! पारा 45 ला टेकतो तेव्हा त्या ड्रेसात मूल शिजेल हो.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. दहा ते तेरा वयाच्या मुलींचे कपडे खान्देशात नक्की मिळतात कुठे? आणि तुम्ही मापाचे घेता की वाढत्या अंगाचे?

भुसावळची_सून
ताई, अगदी अगदी! माझी बारा वर्षांची. आम्ही वर्षातून दोनदा पुण्याला नणंदेकडे जातो तेव्हा मॉलमधून पोतंभर आणते. तिथेही "11-12 वर्षे" लिहिलेलं एका कंपनीचं माझ्या मुलीला घट्ट आणि दुसरीचं "9-10" सैल. वयावर विश्वास ठेवणं मी सोडलंय. काही कंपन्या आत लेबलवर 140, 146, 152 असा सेंटिमीटरमधला आकडा छापतात. ती मुलीची उंची असते, ती बघून घ्या, बऱ्यापैकी जमतं. तुमच्या लेकीला 152 घ्या म्हणजे वर्षभर निघेल.

नंदुरबार_नाका
मन्ही पोर बी अशीच शे ताई. दुकानमा गये का दुकानदार म्हनस, "हाई ल्या ना, चालस." कोठे चालस? बाह्या कोपरालगुन येतस!
(मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर भाषांतर मागतील.) आम्ही सरळ सुरत-भुसावळ लाइनची गाडी धरतो आणि सुरत गाठतो. स्वस्त मिळतं, व्हरायटी भरपूर. पण ताई म्हणतात ते खरं, सुरतचा माल म्हणजे सिंथेटिक. दिसायला झकास, दुपारी आंगले चिटकस.

गल्ल्यावरून
माझं धुळ्यात कपड्यांचं दुकान आहे. नाव सांगत नाही, जाहिरात नको. तुमच्या शिव्या रोज समोरासमोर खातोच, इथे निदान खुलासा करतो.

लहान मुलांचा माल आम्हाला सुटा मिळत नाही, सेटमध्ये मिळतो. एका डिझाइनचा 22 ते 32 असा सेट असतो, म्हणजे 22, 24, 26, 28, 30, 32 प्रत्येकी एक नग. नंबर वाढला की भाव थोडा चढतो. 34 ते 38 चा सेट वेगळा आणि तो सगळे कारखानदार काढतच नाहीत, कारण त्याला गिऱ्हाईक कमी. गिऱ्हाईक कमी का? मुली आहेत तेवढ्याच आहेत. पण चार वर्षांच्या मुलीला कपडा आई निवडते, पाच मिनिटांत सौदा होतो. अकराच्या मुलीच्या वेळी आई एक म्हणते, मुलगी दुसरं, बाप मोबाइलमध्ये. वीस ड्रेस उघडायचे आणि शेवटी "फिरून येतो". मग तो 34 चा नग दिवाळी ते दिवाळी हँगरवर. त्या एका नगात अख्ख्या सेटचा नफा अडकतो.

आता माल कुठून येतो. फ्रॉक आणि जाळीचे गाऊन कोलकात्याच्या मेटियाब्रुजकडचे, जीन्स उल्हासनगरची, होजिअरी म्हणजे टी-शर्ट-लेगिंग्ज तिरुपूरचे, बाकी अहमदाबाद, इंदूर, मुंबई. खान्देशातलं म्हणाल तर शून्य. तिकडच्या कारखानदाराला धुळ्याचा उन्हाळा माहीत नसतो आणि सुती कपड्याला इस्त्री लागते म्हणून आयांचीच तक्रार असते, हेही लिहून ठेवा. पॉलिस्टर हँगरवर चुरगळत नाही. दुकानात चमकतं ते विकतं.

एक फायद्याची गोष्ट: पूर्वी हजाराच्या वरच्या कपड्याला 12 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून नगामागे अडीच हजारांपर्यंत 5 टक्केच आहे. लग्नाचा ड्रेस घेताना बिल मागा आणि टक्का बघा.

मेहरूणची_बोरं
दादा, मनापासून आभार. "मोठ्या साइजला माल नाही" एवढंच ऐकत आले होते, कारण आज कळलं. पण एक सांगते. तुम्ही म्हणता मुलगी आणि आई भांडतात म्हणून सौदा होत नाही. आम्ही भांडलोच नाही. दोघींना एकच नको होतं!

आणि पोऱ्यांना सांगा, मुलीला वरपासून खालपर्यंत बघून "आता लेडीजमधलं" असं मोठ्याने म्हणू नका. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. नंतर आरशासमोर उभी राहून विचारते, "मी लेडीज आहे का?"

गल्ल्यावरून
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उद्या पोरांना सांगतो.

जुना_वाडा_अमळनेर
एवढा धागा काढायचं कारण समजलं नाही. आम्ही पाच बहिणी-भाऊ, मोठीचा कपडा धाकटीला, धाकटीचा पोछ्याला. आताच्या पोरींचे फार लाड. सहावीतल्या मुलीला आवडनिवड कसली?

निळी_सायकल
काका, धाकटीला मोठीचा कपडा मिळायला आधी मोठीला तो मिळाला पाहिजे ना. इथे तोच मिळत नाहीये.

कापूसकोंड्या
कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?
सांगा म्हणता काय, नको म्हणता काय, सांगतोच. मी चोपड्याकडचा, घरी कापूस. आमच्याकडे ठिबकवर मे महिन्यातच लागवड करतात. तो कापूस जिनिंगला जातो, क्विंटलमागे 34-35 किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईची 170 किलोची गाठ बांधली की ती ट्रकवर चढते. त्यातल्या बऱ्याच गाठी तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत जातात. तिथे सूत, तिरुपुरात टी-शर्ट, आणि तो टी-शर्ट फिरून आमच्या चोपड्याच्या दुकानात. माझ्या पुतणीने घेतला तर छातीवर इंग्रजीत काहीतरी "क्वीन" वगैरे आणि उलटसुलट फिरणाऱ्या चमकत्या टिकल्या. आमचाच कापूस टिकल्या लावून माहेरी आला म्हणायचा.

तोही तिच्या मापाचा असता तर तक्रार नव्हती. जिल्हाभर पांढरं सोनं आणि मेहरूणच्या ताईंना फुले मार्केटात सुती फ्रॉक मिळत नाही! अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खान्देश मिल. जुन्या वाड्याचे काका, तुमच्या लहानपणी भोंगा ऐकू यायचा की नाही?

जुना_वाडा_अमळनेर
यायचा. भोंग्यावर घड्याळ लावायचो. घरात मिलचं मांजरपाट असायचं. आईने त्याचीच झबली, त्याचेच परकर, त्याच्याच पिशव्या शिवल्या.

आजी_ऑनलाइन
जुना वाडा, मग लाड नव्हते कसे? तुमच्या आईने प्रत्येकीला मापाचं शिवलं. तेच तर ही पोरगी मागते आहे.

मला आता 74 वर्षं. आमच्या वेळी या वयासाठी वेगळा कपडा होता, तुम्ही विसरलात. परकर-पोलकं. फ्रॉक सुटला आणि साडी नेसायची नाही, त्या मधल्या चार-पाच वर्षांचा तो पोशाख. माझी आई परकर मुद्दाम लांब कापायची आणि खालच्या घेराजवळ आडव्या दोन घड्या घालून त्यावर धावदोरा मारायची. दिसायला नक्षी. मी वाढले की एक घडी उसवायची, पुढच्या वर्षी दुसरी. कमरेला नाडी, म्हणजे जाड झाले काय नि बारीक काय, फरक पडत नाही. पोलक्याला बगलेत चौकोनी तुकडा जोडायची म्हणजे हात वर केला तरी तटतटत नसे. गुलाबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशी भोंडल्याच्या, दिवसांत आम्ही सगळ्या त्याच परकरांत गाणी म्हणत घरोघर फिरायचो, आणि खाऊ ओळखायला जोर लावायचो. एकीचंही पोलकं फाटलं नाही.

घड्या उसवल्यावर जुन्या जागी गडद रेघ राहायची. आम्ही त्या रेघा मोजून कोण किती वाढलं ते सांगायचो.

भुसावळची_सून
आजी, हे वाचून माझ्या आईला फोन केला. ती म्हणते तिच्या परकराला तीन घड्या होत्या. लगेच फुशारकी!

ओहायोची_माहेरवाशीण
मी मूळची पाचोऱ्याची, बारा वर्षं अमेरिकेत. इथे या वयाला शब्दच आहे, 'ट्वीन', आणि फक्त त्या मुलींसाठी दुकानांची साखळी होती म्हणून लिहिते.

'लिमिटेड टू' नावाची दुकानं 1987 मध्ये सुरू झाली. 'लिमिटेड' ही बायकांच्या कपड्यांची कंपनी, तिचं हे मुलींसाठीचं पिल्लू. 1999 मध्ये ते वेगळं झालं. मग 2004 मध्ये त्याच लोकांनी थोडी स्वस्त 'जस्टिस' ही दुकानं काढली आणि पुढे 'लिमिटेड टू'चीही जस्टिसच करून टाकली. मी इथे आले तेव्हा प्रत्येक मॉलमध्ये जस्टिस. आत शिरलं की जांभळं, गुलाबी, चमचम आणि मोठ्याने गाणी, माझं डोकं दुखायचं. पण लेकीला घेऊन गेले तेव्हा एक गोष्ट फार आवडली. अंगाने भरलेल्या मुलींसाठी त्याच डिझाइनचे वेगळे रुंद नंबर होते आणि ते त्याच रांगेत टांगलेले, कोपऱ्यात लपवलेले नव्हते. बायकांच्या विभागात जा असं कुणी म्हणत नव्हतं.

बाकी धंदा आपल्यासारखाच. दारावर कायम "40 टक्के सूट". कायम म्हणजे बारा महिने! शेवटी गिऱ्हाइकांनी कोर्टात ओढलं, की ही सूट नसून हाच भाव आहे, आणि कंपनीला पाच कोटी डॉलरच्या आसपास तडजोड करावी लागली. 2020 मध्ये मालक कंपनीचं दिवाळं निघालं आणि दुकानं बंद झाली. नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं, आता ते कपडे वॉलमार्टमध्ये मिळतात. मुली इतक्या लवकर मोठ्या होतात की आज आलेलं गिऱ्हाईक तीन वर्षांनी निघून जातं. धुळ्याच्या दादांचं गणित तिथेही तेच दिसतं.

गल्ल्यावरून
बारा महिने 40 टक्के सूट? ताई, पाचोऱ्याच्या माणसाने तर नव्हतं चालवायला घेतलं?

चाळीसगाव_जंक्शन
सूट सोडा, ताईंच्या भावाचं लग्न चाळीसगावला आहे हे वाचलं. आमंत्रण कधी? भरीत असणार का?

मेहरूणची_बोरं
आखाजीनंतर भरीत? वांगी थंडीतली हो भाऊ. आमरस घ्या.

एकटाच_बाप
मुलगी दहाची, बायकोची बदली नागपूरला, त्यामुळे खरेदी माझ्याकडे. एक अडचण कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. शमीज, स्लिप आणि आतले पहिले कपडे. दुकानात सगळे पुरुष विक्रेते, माझी मुलगी माझ्यामागे लपली, मी खोकत उभा. शेवटी काहीच न घेता आलो. काय करावं?

टाचणी
एकटाच_बाप, दुकानात जाऊच नका. घरी मुलीच्याच हातात टेप द्या, छातीखालून आणि छातीवरून घेर तिला मोजू दे, दोन आकडे कागदावर लिहून आणू दे. त्या आकड्यांवर होजिअरीच्या सुती स्लिप ऑनलाइन मागवा, आधी दोनच. नाहीतर बहिणीला किंवा शेजारच्या काकूंना सोबत पाठवा. तुमचा खोकला थांबेल.

आता मूळ प्रश्न. मी शिवणकाम करते, ड्रेस डिझाइनिंगचा कोर्स केलाय. माप चुकतं त्याचं मुळातलं कारण हे की भारताचं स्वतःचं मापांचं कोष्टकच नव्हतं. कंपन्या ब्रिटिश-अमेरिकन आकड्यांत थोडी कातरछाट करून वापरतात. निफ्टने, म्हणजे सरकारी फॅशन संस्थेने, 'इंडिया साइज' म्हणून सर्वेक्षण हाती घेतलं, 25,000 लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं. पण त्यात वय 15 ते 65. म्हणजे आपल्या अकराच्या मुली त्यातही नाहीतच!

या वयात अंग एकसारखं वाढतही नाही. आधी पावलं, मग हातपाय, धड मागून. वाढीच्या ऐन वर्षात मुलगी सात-आठ सेंटिमीटर उंच होते. म्हणून पँट घोट्याच्या वर आणि कंबर मात्र सैल. वाढत्या अंगाचं म्हणून दोन नंबर मोठं घेतलं तर खांदा पडतो, आणि खांदा पडला की आख्खा कपडा मागून घेतल्यासारखा दिसतो. लांबी वाढती घ्या, खांदा मापाचा घ्या.

शिवायचं असेल तर 146 उंचीच्या काडीला गुडघ्यापर्यंतच्या साध्या ड्रेसला 44 इंच पन्ह्याचं दोन मीटर कापड पुरतं. कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन घ्या. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. टेलरला सांगा, बाजूला दोन्हीकडे इंचभर दाब (शिवणीत आत ठेवलेलं जादा कापड) आणि खाली तीन इंच दुमड. आजींच्या घड्यांचंच हे धाकटं भावंड.

दुकानदार "कॉटनच आहे" म्हणाला तर कडेचा एक धागा काढून जाळा. कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. फक्त रेयॉनही कागदासारखाच जळतो, तिथे फसाल. धागा ओला करून ओढा, रेयॉन ओला असताना पटकन तुटतो.

निळी_सायकल
आणि खिसे! मुलांच्या जीन्सला पाच खिसे, मुलींच्या जीन्सला खिशाची नुसती शिलाई. माझी भाची बसच्या पासची जागा विचारते, मी काय सांगू?

टाचणी
बाजूच्या शिवणीत खिसा घालायला पाव मीटर कापडही लागत नाही. टेलर विसरतो, म्हणून कापड देतानाच दोनदा सांगा.

धुळे_पाच_कंदील
शाळेचा गणवेश बघा म्हणजे सगळी गंमत कळेल. आमच्या मुलीच्या शाळेत चौथीपर्यंत ट्युनिक, पाचवी ते सातवी स्कर्ट, आठवीला पंजाबी ड्रेस. शाळेलाही ठाऊक आहे की मधे एक पायरी आहे. बाजारालाच नाही.

मेहरूणची_बोरं
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय, लग्न पार पडलं.

टाचणीताईंचं ऐकून कापड घेतलं. निवडलं लेकीनेच, गडद निळं कॅम्ब्रिक, त्यावर पांढरे बारीक ठिपके. मला ते अगदीच साधं वाटलं होतं. धागा जाळून पाहायला तिने लायटर मागितला तेव्हा दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गल्लीतल्या काकूंनी शिवलं. बाजूला दाब, खाली तीन इंच दुमड, दोन खोल खिसे. काकू खिसा विसरल्याच होत्या, तिने परत नेऊन घालून घेतला. घरच्या वापराचे दोन कुर्ते त्याच कापडाच्या जोडीने शिवून झाले. लग्नाचा म्हणून माझ्या आईच्या जुन्या नारायणपेठीचा परकर. आजी, तुमच्यासारख्या दोन घड्या घातल्या आहेत, नाडी पण.

मांडवात काय झालं ते सांगते. तिच्या वयाच्या पाच मुली होत्या, त्यातल्या तिघींच्या अंगात तोच गुलाबी जाळीचा गाऊन! गल्ल्यावरूनदादा, एकाच सेटमधला असणार. हळदीच्या दिवशी लेकीने निळा ड्रेस घातला होता. दुपारपर्यंत त्या खिशांत मामाच्या गाडीची किल्ली, मावशीचा मोबाइल, भटजींचा चष्मा आणि अर्धवट खाल्लेला बत्तासा. कुणाचं काही हरवलं की सगळे तिच्याकडे धावायचे.

काल उंची मोजली, 147 आणि वर थोडी.

आता ती विचारतेय, टाचणीताई, विकतच्या जीन्सला खोटे खिसे उसवून खरे घालता येतात का?